नुसती पाहणारी ओळ

मोईनचाचा कुणाच्याही घरी दुरुस्तीला गेले की पहिला अर्धा तास कशालाच हात लावत नसत. हत्यारांची पिशवी उंबऱ्याशी ठेवायची, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि घरातल्या एकेकाला बोलावून विचारायचं, "हे बटन दाबलं की काय व्हतं?" समोरच्याने सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे. "आन् अजून काय हून राहिलं त्यानं?" लोक वैतागायचे. ज्याला घाई असे तो त्यांना बोलवायचाच नाही. तो सेनगावहून दुसरा मेकॅनिक आणायचा आणि आठ दिवसांनी गोरेगावात चाचांच्या दुकानासमोर निमूटपणे येऊन उभा राहायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पुसेगावात, आमच्याच विहिरीवर. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची सुट्टी होती आणि मी कॉम्प्युटर शिकत असल्यामुळे जगातलं बरंचसं आपल्याला कळलं आहे अशा थाटात वावरत होते. मोटरचा स्टार्टर थरथरायचा आणि मध्येच बंद पडायचा. बाबांनी सांगितलं, बटण दाबलं की मोटर लागते, पाणी येतं. अजून? अजून शेजारच्या आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचा, दिवा मंद होतो. अजून? अजून काही नाही, बाबा म्हणाले. मग चाचांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "मोटर लागली का मी धुणं घेऊन हिरीवर येते." चाचांनी तेही वहीत लिहून घेतलं. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "चाचा, धुण्याचा आणि स्टार्टरचा काय संबंध?"

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "ठाऊक न्हाई म्हणजे हाय, असं धरायचं."

संबंध होता. आई धुतलेले कपडे ज्या तारेवर वाळत घालायची तिचं एक टोक स्टार्टरच्या खोक्यावरच्या खिळ्याला बांधलेलं होतं. ओल्या लुगड्यांचं पाणी तारेवरून ओघळत खोक्यात उतरत होतं. चाचांनी तार सोडून पलीकडच्या लिंबाला बांधली, खोकं वाळवलं, चहा घेतला आणि निघाले. माझ्या हसण्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी जीपने गोरेगावला जाऊन त्यांच्या दुकानात हजर झाले.

दुकान जीपच्या अड्ड्याला लागूनच होतं. वडील कल्हईचं काम करायचे. चाचा आधी मोटरचं वाइंडिंग शिकले, मग रेडिओ-टीव्ही, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर, आता सगळ्यात चिप येऊन राहिली म्हणून, हिंगोलीला खेपा घालून प्रोग्रॅम लिहायला शिकले. शेतावरच्या मोटरसाठी ते स्वतः एक बोर्ड बनवत. वीज आली की मोटर लावायची, विहिरीतल्या सेन्सरने पाणी संपलं म्हटलं की बंद करायची, एवढंच त्याचं काम. दुकानात एका बाकड्यावर त्यांचे थोरले भाऊ बसलेले असत. त्यांची आठवण पार गेली होती. दर थोड्या वेळाने ते विचारायचे, "तुमी कोण?" चाचा हातातलं काम खाली ठेवून दर वेळी नव्याने सांगायचे, "मी मोईन, भाईजान. तुमचा धाकटा." ते भाऊ पुढे वारले. त्यानंतर एकदा चाचा मला म्हणाले, "मौतीचं भ्या न्हाई वाटत पोरी. ह्याचं वाटतंय," आणि त्यांनी कपाळावर बोट टेकवलं.

त्यांच्या वह्या पाहिल्या आणि माझा थाट पहिल्यांदा उतरला. डाव्या पानावर प्रोग्रॅम लिहिलेला, ओळीखाली ओळ. उजव्या पानावर दोन रकाने, ‘पाहते’ आणि ‘बदलते’. प्रत्येक ओळ चिपच्या आतलं काय काय पाहते आणि काय काय बदलते ते त्यांनी समोर लिहून ठेवलं होतं. मी विचारलं, "हे कशासाठी?"

"आता ह्या दोघी बघ," त्यांनी दोन ओळींवर बोट ठेवलं. "ही जे बदलून राहिली ते ती पाहत न्हाई. ती जे बदलती ते ही पाहत न्हाई. दोघी एकच वस्तू बदलत बी न्हाईत. मग ह्यांना मागं-पुढं केलं तरी काही बिघडत न्हाई. आन् ही तिसरी. हिनं बदललेलं पुढं कुणीच पाहत न्हाई. हिला कशाला पोसायची? काढून टाकली, चिपमधी जागा झाली."

आमच्या सरांनी हाच विषय एका तासात फळ्यावर उरकला होता. प्रोग्रॅमची ओळ तिच्या मुख्य कामाशिवाय आणखी कशाला हात लावते हे शोधायचं, म्हणजे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला ती हलवता किंवा गाळता येते. मी ते परीक्षेपुरतं पाठ करून सात मार्क मिळवले होते. गोरेगावातल्या एका माणसाने तेच कुणी न शिकवता, गरज पडली म्हणून, वहीत मांडलं होतं. मी त्यांना म्हटलं, "चाचा, तुम्ही हाताने करता ते कंपायलर आपोआप करतो." त्यांनी चष्मा काढला. "मशीनला कसं कळतं?"

या एका प्रश्नात माझी ती सुट्टी गेली, आणि पुढच्या दोन्ही सुट्ट्याही. मी जेवढं सांगे त्याच्या पुढचं ते विचारत. एक फंक्शन, म्हणजे ओळींचा एक गठ्ठा, दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला, मग पहिल्याच्या रकान्यात तिसऱ्याने बदललेलं लिहायचं की नाही? लिहायचं, मी म्हणे. दोघं एकमेकांनाच बोलावत असतील तर? मग दोघांचे रकाने भरायचे, पुन्हा भरायचे, नवीन काही येईनासं झालं की थांबायचं. आणि एखाद्या फंक्शनच्या आतलं दिसतच नसेल, बाहेरून तयार आलेलं असेल तर? मी म्हटलं, "मग ते सगळंच पाहतं आणि सगळंच बदलतं, असं कंपायलर धरून चालतो." चाचांचा चेहरा उजळला. "म्हणजे कंपायलर आपल्याच बिरादरीचा हाय," ते म्हणाले, आणि त्या आनंदात अड्ड्यावरच्या दोन ड्रायव्हरांनाही चहा मिळाला.

एकदा औंढ्याला जाताना ते मलाही बरोबर घेऊन गेले. देवळाच्या वाटेवर एका बाईंचं नारळ-फुलांचं दुकान होतं. बाईंचं म्हणणं, भिंतीवरचं एक बटण बिनकामाचं आहे, ते काढून टाका. "त्याने काहीच होत नाही," बाई म्हणाल्या. चाचांनी विचारलं, "मग तुमी ते दाबता का?" बाई म्हणाल्या, "रोज तिन्हीसांजेला दाबते. सासरे दाबायचे म्हणून." चाचांनी पक्कड पिशवीत टाकली आणि ते पायरीवर बसले. मी चिडले, गाडी चुकणार होती. संध्याकाळी बाईंनी बटण दाबलं तसे चाचा उठून मागच्या बोळात गेले. दोन घरं सोडून एका म्हाताऱ्या शिंप्याच्या मशीनवरचा दिवा तेवढ्यात लागला होता. त्याला वाटत होतं, त्या भागात वीजच त्या वेळेला येते. बाईंचे सासरे आणि शिंप्याचा बाप यांच्या दोस्तीत कधीकाळी ओढलेली ती वायर होती आणि दोघंही म्हातारे ती कुणाला न सांगता गेले होते. बाईंनी कपाळाला हात लावला आणि शिंपीबाबांना आतून हाक मारली. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा बाबा मला बरंच बोलले.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली, आणि ती लागण्यात त्या वह्यांचा वाटा मोठा होता. कंपनी लहान होती. स्वस्तातल्या चिपसाठी कंपायलर बनवायची, आणि चाचा जी चिप वापरत तीही त्यांत होती. माझ्याकडे नेमकं हेच काम आलं, कोणती ओळ आणखी कशाला हात लावते हे शोधणारा भाग. त्यात एक अडचण होती. चिपबरोबर येणारी तयार फंक्शनं आतून दिसत नसत, म्हणून आमचा कंपायलर ती सगळी धोक्याची मानायचा आणि काहीच गाळायचा नाही. प्रोग्रॅम मोठे होत, चिपमध्ये मावत नसत. तेव्हा मी हाताने एक यादी केली, काहीही न बदलणाऱ्या फंक्शनांची. त्यातली काही नुसती वाचणारी होती. सेन्सरचा आकडा वाचून आणून देणारं एक त्यांतच होतं. वाचणारं बिचारं काय बदलणार, असं म्हणून मी ते यादीत घातलं. त्याचं माहितीपत्रक उघडून पाहिलं नाही. प्रोग्रॅम झपाट्याने लहान झाले, माझं कौतुक झालं आणि मी अभिमानाने तो नवा कंपायलर सगळ्यात आधी गोरेगावला पाठवला. चाचांनी त्या हंगामातले सगळे बोर्ड त्याच्यावर बनवले.

उन्हाळ्यात तीन मोटरी जळाल्या. तिन्ही विहिरी कोरड्या पडल्यावरही मोटर चालूच राहिली होती. चाचांनी त्याच दिवशी मोटरसायकल काढली आणि जिथे जिथे त्यांचा बोर्ड होता तिथे तिथे जाऊन तो काढून टाकला. मग तिन्ही मोटरी दुकानात आणून स्वतःच्या हाताने त्यांचं वाइंडिंग पुन्हा करून दिलं. जळालेल्या मोटरींचे बोर्ड टेबलावर लावून बादलीत सेन्सर बुडवून पाहिले, तर ते बरोबर चालत. पाण्यातून काढला की बंद, बुडवला की चालू. तेव्हा त्यांनी मला फोन केला. आवाज वेगळाच होता.

"पोरी, पाण्याची ती ओळ म्या लिहिली का न्हाई तेवढं बघ. मला दिसून राहिली वहीत. पण माझ्या पाहण्यावर आता भरवसा न्हाई. भाईजानचं बी असंच सुरू झालं होतं."

मी म्हटलं, बघते, आणि त्यांचा प्रोग्रॅम मागवून घेतला. तो मंगळवार होता. ओळ त्यांनी लिहिलेली होती, अगदी स्वच्छ. दुपारी मी कंपायलरने तयार केलेला मजकूर उघडला आणि ती ओळ तिथे नव्हती.

तो सेन्सर झोपलेला असतो. वाचायला गेलं की आधी मोजून ठेवलेला जुना आकडा देतो, आणि त्या वाचण्यानेच जागा होऊन नवं माप घेतो. म्हणून चाचा एकदा वाचून तो आकडा सोडून देत, क्षणभर थांबत, आणि पुन्हा वाचत. पहिल्या वाचण्याचा आकडा कुणी वापरत नाही आणि ते वाचणं काही बदलत नाही, असं माझी यादी सांगत होती, म्हणून माझ्या कंपायलरने ती ओळ गाळली. आता प्रत्येक वेळी हाती येत होता तो मागच्या खेपेचा आकडा. सेन्सरच्या पाण्यातल्या सळ्या गंजू नयेत म्हणून शेतावर चाचा अर्ध्या अर्ध्या तासाने मोजत, त्यामुळे विहीर आटल्यावरही मोटर अर्धा तास आधीच्या पाण्यावर विश्वास ठेवून चालत राही. टेबलावर ते पाच सेकंदांनी मोजत, तिथे एवढा उशीर कुणाच्या डोळ्याला दिसणार?

संध्याकाळपर्यंत मला सगळं कळलं होतं. तरी मी फोन केला नाही. कंपनीत माझ्या कामाचा वर्षाचा आढावा तोंडावर होता. मी ठरवलं की आधी यादी दुरुस्त करावी, नवी आवृत्ती गुपचूप बाहेर जाऊ द्यावी, मग सांगावं. चार दिवस इकडे किंवा तिकडे, बोर्ड तर काढलेलेच आहेत, कुणाचं काय बिघडतं? चाचांचा दोनदा फोन आला. मी दोन्ही वेळा म्हटलं, "बघून राहिले चाचा, जरा वेळ लागंल." आज लिहितानासुद्धा मला याची लाज वाटते.

नवी आवृत्ती पुढच्या आठवड्यात बाहेर पडली आणि त्या शनिवारी मी गोरेगावला गेले. दुकान बंद होतं, म्हणून मी मागे घरी गेले. चाची दारातच होत्या, वाळून अर्ध्या झालेल्या. चाचा खाटेवर बसले होते. सदऱ्याच्या खिशातून एक कागद डोकावत होता. त्यावर त्यांचं नाव, गावाचं नाव आणि चाचींचा नंबर लिहिलेला होता, त्यांच्याच अक्षरात. मोटरसायकलची किल्ली त्यांनी चाचींकडे देऊन टाकली होती. डोकं ठीक आहे की नाही ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही तेव्हा काय धरायचं हे त्यांचं आयुष्यभराचं ठरलेलं होतं.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "चाचा, तुमची ओळ बरोबर होती. माझ्या कंपायलरने खाल्ली. चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचींकडे. "ऐकलं का?" ते म्हणाले. "डोकं बराबर हाय माझं." चाची खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. चाचांचेही डोळे भरले होते, पण दुसऱ्याच क्षणी ते खाटेवरून पुढे सरकले. "कशी खाल्ली? बराबर सांग." मी यादीचं सांगितलं. माझ्यावर रागावायचं सोडून ते रंगातच आले. नुसतं वाचणंसुद्धा बदलतं, हे चिपवाल्याने लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर यादी करणाऱ्याने कुठे पाहायला हवं होतं? यादीतली बाकीची फंक्शनं तपासली का? तपासली म्हटल्यावर कशी तपासली? तासभर आमचं ते चाललं होतं. चाची चहा टाकायला आत गेल्या तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "तुला कधी ध्यानात आलं?"

"मंगळवारी."

"ह्या मंगळवारी?"

मी मान हलवली. "त्याच्या आधीच्या."

 खिशातला कागद काढून चाचांनी त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली. चाची कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा ते त्यांना म्हणाले, "आजच कळलं पोरीला. कळल्याबरोबर धावत आली बघ." मी कपात पाहत राहिले. त्यांनी ते माझ्यासाठी केलं की चाचींसाठी, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोटरसायकलवर बसवून मोटर जळालेल्या तिघांच्या आखाड्यावर नेलं. "तूच सांग," ते म्हणाले. "म्या सांगितलं तर बहाना वाटंल." मी तिन्ही ठिकाणी सांगितलं. एकाने शिव्या दिल्या, त्या मी खाल्ल्या.

त्यानंतर चाचा दोन वर्षं होते. नवे बोर्ड केले, नव्या वह्या भरल्या, माझ्या यादीतल्या आणखी दोन चुका काढून दिल्या. चाचींचा माझ्यावर फार जीव जडला. ईदला शीरखुर्म्याचा डबा पुसेगावात आमच्या घरी पोचायचा आणि आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "हीच ती पोरगी, धावत आली होती." मी तो शीरखुर्मा खायचे. दर वेळी वाटायचं की आज सांगून टाकावं. दर वेळी चाचा तिसरंच काही विचारायचे आणि ते राहून जायचं.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. हृदयाचं दुखणं होतं, दोन दिवसांत आटोपलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा मातीही झाली होती. बायकांच्या खोलीत चाचींनी मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात हातात धरला. "शेवटपर्यंत समद्यांना नावानं ओळखून राहिले," त्या म्हणाल्या. "मोटरी जळाल्या तवा ते नमाजाला निघाले का मी मागं मागं जायची मशिदीपर्यंत, त्यांना कळू न देता. वाट चुकतील म्हणून. रोज. तू आली धावत, न्हाई तर मी येडी झाले असते. तुझे लई उपकार हायत."

त्या उपकाराचं ओझं मला तिथे बसून आणखी पेलवेना. मी म्हटलं, "चाची, मी धावत नव्हते आले. मला अकरा दिवस आधीच कळलं होतं. नोकरीच्या भीतीने गप्प बसले."

त्यांनी माझा हात सोडला नाही. 

"त्यांना ठाऊक होतं हे?"

खरं बोलायला बसलेच होते, तेव्हा तेही खरंच सांगितलं. "होतं. त्याच दिवसापासून."

तेव्हा चाचींनी हात काढून घेतला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराजवळच्या खुंटीवर लटकणाऱ्या चाचांच्या सदऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "दोन साल एका ताटात जेवलो आमी. मला न्हाई सांगितलं."